कुत्र्या-मांजरांच्या नसबंदी क्लिनिकला हातभार लावायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर आठवड्याला कोण ना कोण तरी फोन करतंय आणि तेच दहा-बारा प्रश्न विचारतंय, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकलंय. आमचं शेल्टर बेळगाव शहराच्या जरा बाहेर आहे. शहरातली, आजूबाजूच्या गावांतली, खानापूर-हुक्केरीकडची, कधीकधी निपाणीकडची पण भटकी कुत्री आणि मांजरं इथं नसबंदीला येतात. मी डॉक्टर नाही बरं का. टॉवेल धुण्यापासनं सुरुवात केलेला, मग चिठ्ठ्या लिहिणारा आणि आता नवीन आलेल्यांना काम दाखवणारा माणूस. त्यामुळं खाली जे लिहिलंय ते डॉक्टरांच्या बाजूनं नाही, बादलीच्या बाजूनं आहे असं समजा.

मला डॉक्टरकीचं काहीच येत नाही, मग मी येऊन करणार काय?

भरपूर. ऑपरेशन टेबलावर एका जनावराला कमीजास्त अर्धा तास लागतो, पण त्या अर्ध्या तासाच्या आधी आणि नंतर जे काम असतंय ते मोजलं तर दिवसभराचं असतंय आणि त्यातलं बहुतेक काम डॉक्टर नसलेल्या माणसानंच करायचं असतंय. पिंजरे धुणं, खाली पेपर घालणं, रजिस्टर भरणं, वजन करणं, गळ्यात टॅग बांधणं, सर्जिकलचे कपडे घड्या घालून पॅक करणं, भूल उतरेपर्यंत जनावराजवळ बसणं, पाच दिवस खायला घालणं आणि शेवटी जिथनं आणलं तिथं नेऊन सोडणं. कुत्र्याच्या डोक्यावरनं हात फिरवत बसायचं असतंय असं वाटून आलेले लोक दुसऱ्या रविवारी येत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं.

ऑपरेशन बघायला मिळतं का?

पहिल्या दिवशी नाही. पाच-सहा वेळा येऊन काम केलं, डॉक्टरांना तुमचा अंदाज आला की ते स्वतःच बोलावतात. टोपी, मास्क, गाऊन घालून भिंतीला टेकून उभं राहायचं आणि हिरव्या कापडाला हात लावायचा नाही. लागला तर लगेच सांगायचं. लपवलं तर जनावराला इन्फेक्शन होतंय आणि ते आम्हाला तिसऱ्या दिवशी टाक्यातनं पाणी आल्यावर कळतंय. फोन बाहेर ठेवायचा. टेबलावरचे फोटो स्टेटसला लावायचे नाहीत.

रक्त बघून चक्कर आली तर?

आली तर आली. डोळ्यापुढं काजवे चमकायला लागले, घाम फुटला की होतं तिथंच जमिनीवर बसायचं, मान खाली घालायची, "मला काय होत नाही" करत उभं राहायचं नाही. रोज तालमीत जोर-बैठका काढणारा एक गडी आमच्यात आलेला, पहिल्याच दिवशी साध्या शेव्हिंगला धाडकन पडला. आज तोच आमच्यात सगळ्यात भरवशाचा आहे, फक्त ऑपरेशन रूमकडं फिरकत नाही. काय बिघडलं?

येण्याआधी रेबीजचं इंजेक्शन घ्यायलाच लागतंय का?

जनावराला हात लावणार असाल तर होय, यात सूट नाही. ओळखीचे असा, कुणाच्या वशिल्यानं आलेले असा, तरी नाही. कुत्रं चावायच्या आधी जो कोर्स घेतात त्यात तीन डोस असतात: पहिला दिवस, ७ वा दिवस आणि मग २१ वा किंवा २८ वा दिवस. दंडात घेतात. पोटात चौदा इंजेक्शनं वगैरे जे आजी सांगायची ती लस वेगळी होती, ती बंद होऊन वीस वर्षं झाली.

आधी कोर्स झाला असला म्हणजे चावलं तरी काय करायचं नाही असं मात्र नाही. तेव्हा पण दोन डोस घ्यायला लागतातच, त्याच दिवशी एक आणि तीन दिवसांनी एक, पण जखमेत टोचायचं ते सीरम मग लागत नाही. कोर्सचा कागद दाखवल्याशिवाय तुम्हाला फक्त धुणं आणि रजिस्टर मिळेल. धनुर्वाताचं इंजेक्शन पण चालू आहे का ते बघून घ्या, पिंजऱ्याच्या पत्र्यानं कापणं हे चावण्यापेक्षा जास्त वेळा होतंय.

आणि चावलंच तर?

लगेच नळाखाली. साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं म्हणजे लई वेळ असतोय, दोन मिनिटांत लोकांना वाटतंय झालं. हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू असलं काहीही जखमेवर घालायचं नाही. गावाकडचे काका येऊन सांगतील, त्यांना चहा द्या पण जखम दाखवू नका. मग सरळ सरकारी हॉस्पिटलला, तिथं लस मिळते. "बारकंसं खरचटलंय" हे ठरवायचं काम तुमचं नाही. रेबीज एकदा लक्षणं दाखवायला लागला की त्यावर उपाय नाही, हे एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं की आळस येत नाही.

ज्या कुत्र्यानं चावलं त्याला आम्ही वेगळं ठेवून १० दिवस बघतो. त्यामुळं कुठल्या पिंजऱ्यातल्या कुत्र्यानं चावलं ते लगेच सांगा. कुणी रागावणार नाही.

कुत्री पकडायच्या गाडीवर मला येता येईल का?

गाडीवर या, पण पकडायला नाही. जाळी टाकणारी माणसं शिकलेली असतात, त्यांचा हात बसलेला असतोय. गळ्यात तार घालून ओढणं, चिमट्यानं मान धरणं असलं काही आमच्यात होत नाही. तुमचं काम गल्लीतल्या लोकांशी बोलणं आणि चिठ्ठी लिहिणं. दूध पाजणारी मादी असली, पिल्लं अजून अंगावर पीत असली तर ती सुटेपर्यंत आणत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू पण नसबंदीला उचलत नाही. मादीची आचळं बघायची सवय लावून घ्या, पिल्लं कुठं दडवून ठेवलेली असतात ते त्या गल्लीतल्या पोरांना बरोबर माहीत असतंय, मोठ्यांना नाही.

ही चिठ्ठी चिठ्ठी काय लावलंय? पत्ता लिहायला कितीसा वेळ लागतोय?

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत, कारण मला विचाराल तर अख्ख्या क्लिनिकमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि सगळ्यात जास्त कंटाळा याचाच करतात लोक.

माझीच गोष्ट सांगतो. मी नवीन होतो, पाऊस पडत होता, चिठ्ठीवर मी लिहिलं "मारुती गल्ली, तपकिरी मादी, अर्धी शेपूट". बास एवढंच. आता बेळगावच्या माणसाला सांगायला नको, मारुती गल्ली शहरात पण आहे आणि आजूबाजूच्या गावागावांत पण आहे, मारुतीचं देऊळ नाही असं गाव नाही आणि देवळासमोरच्या गल्लीचं नाव दुसरं काय असणार. ती मादी एका खेड्यातली. पाचव्या दिवशी सोडायची पाळी दुसऱ्या पोरांची होती, त्यांनी चिठ्ठी वाचली आणि तिला शहरातल्या मारुती गल्लीत नेऊन सोडलं. त्यांची काय चूक? तिथल्या कुत्र्यांनी तिला दहा मिनिटांत पळवून लावलं. दोन दिवसांनी गावातल्या एका आजींचा फोन, "आमची बंडी कुठं आहे ओ, रोज भाकरी ठेवूलालोय, येईना झालीय." मग आम्ही चौघं दोन गाड्यांवर सकाळ-संध्याकाळ हिंडलो. चौथ्या दिवशी भाजी मार्केटच्या मागं सापडली, एक पाय उचलून चालत होती, पोटाचे टाके ठीक होते हे नशीब. आजींनी मला शिव्या दिल्या नाहीत, चहा दिला, ते जास्त लागलं.

तेव्हापासनं चिठ्ठीवर गाव किंवा पेठ, गल्ली, जवळची खूण (दुकान, देऊळ, ट्रान्सफॉर्मर, काय असेल ते), कुत्र्याला खायला कोण घालतंय त्यांचं नाव आणि नंबर, पकडलेली वेळ, कुत्र्याचा रंग आणि एखादी खास खूण, आणि टॅग नंबर. हाच नंबर गळ्यातल्या पट्ट्यावर, हाच पिंजऱ्यावर, हाच रजिस्टरात. शिवाय मोबाइलवर एक फोटो, कुत्र्याचा नाही, जागेचा. कुत्रं फोटोत आलं नाही तरी चालेल, दुकानाची पाटी आली पाहिजे. पावसाळ्यात बॉलपेन वापरा, जेल पेननं लिहिलेलं सगळं पुसून जातंय.

पण तिथंच परत का सोडायचं? लांब जंगलात सोडलं तर?

पहिलं म्हणजे नियम. २०२३ चे एबीसी नियम म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आहेत, केंद्र सरकारचे, त्याच्या आधी २००१ चे होते, दोन्हीत नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रं मूळ जागी सोडा असंच आहे. ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात.

दुसरं, नियम नसता तरी अक्कल तेच सांगते. कुत्र्याची हद्द असते. तुम्ही गल्लीतली चार उचलून खानापूरच्या रानात टाकली तर गल्लीतला कचरा, खाटकाचं दुकान, चायनीजच्या गाड्या जागच्या जागीच राहतात आणि महिनाभरात शेजारच्या गल्लीतली चार नवीन येतात, ज्यांची नसबंदी नाही आणि लस पण नाही. जुनी चार असती तर त्यांनी नवीन येऊ दिली नसती. गल्लीचा वॉचमन बदलून टाकायचा आणि वर नवीन वॉचमन चोर निघाला म्हणून ओरडायचं, असला प्रकार.

लसीचं पण तसंच. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना रेबीजची लस असली की रोगाची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लस दिलेलं कुत्रं उचलून लांब टाकलं म्हणजे तो आकडा आपणच खाली आणला. आमच्याकडं भूल असतानाच लस देतात, जंताचं औषध देतात आणि कानाला खाच करतात, म्हणजे तेच कुत्रं परत परत उचलून आणलं जात नाही. "कान कुणी कापला ओ बिचाऱ्याचा?" असं विचारतात लोक, त्यांना सांगायचं की ती पावती आहे.

शाळेतली, हॉस्पिटलमधली कुत्री पण परत तिथंच?

नाही, इथं वेगळं आहे. सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये आधी दिल्लीसाठी सगळी कुत्री शेल्टरमध्ये घाला असा आदेश दिला, मग २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी-लस करून मूळ जागी सोडा, रेबीज झालेली किंवा संशयित आणि आक्रमक कुत्री सोडू नका. पुढं ७ नोव्हेंबरला शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, क्रीडा संकुल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून परत तिथं सोडू नका असं सांगितलं. त्यामुळं चिठ्ठीवर "शाळेजवळ" आणि "शाळेच्या आवारात" यातला फरक लिहायचाच. तुम्हाला बारीक वाटेल, पण त्यावर जनावर कुठं जाणार ते ठरतंय. असल्या जागेचं कुत्रं आलं तर आम्ही पुढचं महापालिकेशी बोलून करतो, व्हॉलंटिअरनं आपल्या मनानं काही ठरवायचं नाही.

रिकव्हरीत बसायचं म्हणजे नक्की काय करायचं?

टेबलावरनं कुत्रं खाली येतंय तेव्हा ते पूर्ण बेशुद्ध असतंय, डोळे उघडेच असतात, नवीन माणूस घाबरतो. कुशीवर झोपवायचं, मान सरळ, जीभ हळूच बाहेर ओढून बाजूला घ्यायची म्हणजे श्वास अडकत नाही. डोळ्यात मलम घातलेलं असतंय, पुसायचं नाही. मग दर पंधरा मिनिटांनी कागदावर लिहायचं: श्वास किती, हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या, ताप किती. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ताप वाटेल ते त्याला बरोबर. आमचा डाव नेहमी उलट्या बाजूनं फसतो, ऑपरेशननंतर अंग गार पडतंय, आणि बेळगावचा डिसेंबर म्हणजे काय विचारायलाच नको. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी ठेवायच्या. नुसती बाटली कातडीला लावायची नाही, बेशुद्ध जनावर भाजतंय तरी सांगत नाही.

हिरड्या पांढऱ्या दिसल्या, श्वास फार हळू झाला, टाक्यातनं थेंब थेंब रक्त यायला लागलं तर हाक मारायची. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये असले तरी मारायची. "त्यांना डिस्टर्ब कशाला" म्हणून गप्प बसलेलं नको.

भूल उतरताना कुत्रं पाय मारतंय, विव्हळतंय, डोकं आपटतंय. आपल्याला वाटतंय दुखतंय आणि आपण तोंड जवळ नेऊन लाड करायला जातो. नेमकं तेव्हाच चावतंय, त्याला बिचाऱ्याला कोण आहे ते पण कळत नसतंय. आवाज नाही, लाइट कमी, हात लांब. डोकं उचलून नीट धरायला लागलं की आपल्या पिंजऱ्यात. पाणी पूर्ण शुद्धीवर आल्यावरच, घाई केली तर फुप्फुसात जातंय.

एवढं सगळं वाचून अवघड वाटतंय, पण खरं सांगू का, दोन तास एका झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मोजत बसणं यासारखं शांत काम दुसरं नाही. फोन बघायला मिळत नाही, हा एक त्रास.

दुखत असेल म्हणून आपली क्रोसीन दिली तर?

अजिबात नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. ब्रुफेन पण कुत्र्या-मांजरांना घातक. दुखण्याचं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलेलं असतंय. औषधाच्या कपाटाची किल्ली पण मागू नका, त्यात केटामिन असतंय आणि त्याचा थेंब न् थेंब रजिस्टरात लिहायला लागतोय.

मांजरांचं काम वेगळं असतं का?

पूर्ण वेगळं. मांजर सापळ्याच्या पिंजऱ्यात येतंय, आत बोंबील किंवा सुकट ठेवलं की येतंच येतंय, बांगड्याचं डोकं असलं तर शेजाऱ्याचं पाळीव पण येतंय, ते बघून सोडायचं. पिंजरा धरला की लगेच वरनं चादर टाकायची, अंधार झाला की मांजर गप्प होतंय. मांजर सुटून खोलीत पळालं तर धरायला जायचं नाही, दार-खिडक्या बंद करायच्या आणि अनुभवी माणसाला बोलवायचं. मांजराचा चावा बारीक दिसतोय पण दात खोल जातात आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून भाकरीसारखा होतोय.

फक्त धुणं-भांडी केली तर चालेल?

चालेल काय, पाया पडेन. जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसात टॉवेल वाळत नाहीत हा आमचा खरा प्रॉब्लेम आहे. ज्यांच्या घरी ड्रायर आहे किंवा मोठी पडवी आहे त्यांनी एक गाठोडं घरी नेऊन वाळवून आणलं तरी तुम्ही आमच्यासाठी सर्जनच.

सर्जरीची हत्यारं आणि कपडे ऑटोक्लेव्हमध्ये जातात, तो म्हणजे मोठा प्रेशर कुकरच, १२१ अंश, १५ पौंड प्रेशर, पंधरा-वीस मिनिटं. शिट्ट्या मोजायच्या नाहीत एवढाच फरक. पॅकवरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या नसतील तर पॅक परत आत. आधी हत्यारांचं रक्त ब्रशनं धुवायला लागतंय, वाळलेल्या रक्तावर वाफ मारून काय उपयोग नाही.

कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग पाठ करा. पिवळीत शरीराचे काढलेले भाग आणि रक्ताचा कापूस, लालमध्ये ग्लोव्ह्ज-सलाइनच्या नळ्या, निळ्यात काचेच्या बाटल्या, पांढऱ्या डब्यात सुया. सुईला परत टोपण लावायचं नाही, कधीच नाही, नेमक्या तेव्हाच बोटात टोचतात. आणि पिंजऱ्यात मुताचा वास येतोय म्हणून थेट ब्लीच ओतू नका, आधी पाण्यानं धुवा, नाहीतर असा धूर होतोय की डोळ्यातनं पाणी थांबत नाही.

मी गरोदर आहे, येऊ का?

रजिस्टर, फोन, चिठ्ठ्या, गल्लीतल्या लोकांशी बोलणं यासाठी जरूर या. मांजराची वाळू, भुलीच्या गॅसची खोली, आणि गाठीसाठी केमोचं इंजेक्शन चालू असलेल्या कुत्र्यांचे पिंजरे यापासनं लांब. तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच या.

माझ्या घरी कुत्रं आहे, त्याला काही लागणार नाही ना?

तुमच्या कुत्र्याचं लसीकरण पूर्ण असलं पाहिजे. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या रक्ताच्या जुलाबाचा विषाणू, चपलेला चिकटून घरी येतोय आणि पिल्लाला घेऊन जातोय. शेल्टरसाठी वेगळे कपडे, वेगळ्या चपला ठेवा, घरी गेल्यावर आधी अंघोळ मग लाड. घरात तीन-चार महिन्यांचं पिल्लू असेल तर ते मोठं होईपर्यंत वॉर्डात येऊच नका. पावसाळ्यात गमबूट घाला, उंदीर-कुत्र्यांच्या मुतातनं लेप्टोचा ताप होतोय आणि पायाला भेगा असतील तर लगेच.

कधी जास्त माणसं लागतात?

भादव्यात. 'भादव्यातलं कुत्रं' ही म्हण काय उगाच पडली नाही, भाद्रपदात कुत्री माजावर येतात, दोन महिने पोटात आणि मग कार्तिक-मार्गशीर्षात थंडीत गल्लोगल्ली पिल्लं. म्हणजे खरं काम त्याच्या आधी, आषाढ-श्रावणात झालं पाहिजे, नेमकं तेव्हा मुसळधार पाऊस. आणि भादव्यात गणपती, आमची निम्मी माणसं मंडळात. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि डॉल्बीनं पिंजऱ्याचे पत्रे थरथरतात, त्या दोन दिवसांत आम्ही ऑपरेशन ठेवतच नाही. पण आधीच्या आठवड्यातली जनावरं आत असतातच, त्यांना खायला घालायला कोणतरी पाहिजे असतंय. ज्यांना गर्दीचा कंटाळा आहे त्यांनी तेव्हा यावं.

नसबंदी म्हणजे पाप नाही का? मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत म्हणतात.

हे मला माझ्या आईनंच विचारलेलं. एकदा पिल्लं झाल्यानं मादीच्या तब्येतीला काही फायदा होतो असं नाही, उलट पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झालं तर आचळाच्या गाठींचा धोका खूप कमी होतोय आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच राहत नाही. पापाचं म्हणाल तर दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रं आहे, आणि हायवेवर टायरखाली गेलेली पिल्लं पण आपणच रोज बघतो. मी आईला एवढंच म्हटलं की एकदा शनिवारी सकाळी शेल्टरच्या गेटवर चल. पोत्यात घालून आणून टाकलेली पिल्लं असतात तिथं, तोंड बांधलेल्या पोत्यात. ती आली, काही बोलली नाही, पुढच्या आठवड्यात जुन्या साड्यांचं गाठोडं पाठवून दिलं.

मला कन्नड येत नाही, अडचण होईल का?

मराठीवर भागतंय. आमच्यात डॉक्टर कन्नड, गाडीवरची माणसं उर्दू मिसळून बोलणारी आणि व्हॉलंटिअर मराठी, एका वाक्यात तिन्ही येतात. तरी चिकोडी-गोकाककडच्या गावात जाताना चार शब्द पाठ असलेले बरे: नायी म्हणजे कुत्रं, बेक्कु म्हणजे मांजर, मरी म्हणजे पिल्लू, आणि "तंदु बिडतेवरी" म्हणजे आणून सोडतो ओ. हे शेवटचं आलं की लोकांचा आवाज लगेच खाली येतोय. टॅगवर दोन्ही भाषांत लिहितो, पाट्यांवरनं भांडण करायचं असेल तर बाहेर चौकात जाऊन करा.

शिनोळीच्या पलीकडचं, महाराष्ट्रातल्या चंदगडकडचं कुत्रं आणलं तर घेता का?

जखमी असेल तर आधी आणा, मग बोलू. नसबंदीला मात्र त्या बाजूच्या ग्रामपंचायतीला धरायला लागतंय, कारण कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी तिथल्या स्थानिक संस्थेची असते आणि आपण हळूच इकडचं तिकडं करत बसलो तर नंतर "यांनीच आणून टाकली" हे आपल्याच अंगावर येतंय. कुत्री मात्र बिनधास्त दोन राज्यांत जेवतात.

मुलांना आणू का?

अठराच्या खालच्यांना वॉर्डात सोडत नाही. आई-बाबांबरोबर येऊन पेपर फाडणं, घड्या घालणं, टॅग कापणं चालेल. एसएसएलसीच्या (दहावीच्या) सुट्टीत पोरं येतात, छान काम करतात.

पैसे, सर्टिफिकेट?

पैसे नाहीत, पेट्रोल तुमचं. सर्टिफिकेट मागितलं तर देतो, पण एक दिवस येऊन सेल्फी काढून मागितलं तर नाही.

सोडायला गेल्यावर गल्लीतले लोक भांडायला लागले तर?

लागणारच. "कुठं सोडूलालाय ओ हे? न्यायला आलासा तेव्हा बरं वाटलं, परत कशाला आणलासा?" हे प्रत्येक गल्लीत ऐकायला लागतंय. आवाज चढवायचा नाही, कायदा लगेच काढायचा नाही. आधी ऐकून घ्यायचं, कारण बऱ्याचदा त्यांच्या घरातल्या कुणाला तरी चावलेलं असतंय आणि तो राग खरा असतोय. मग कानाची खाच दाखवायची, लस झालीय सांगायचं, आता पिल्लं होणार नाहीत, माजाच्या वेळची भांडणं कमी होतील असं सांगायचं. नसबंदी झाली म्हणून कुत्रं चावायचंच बंद होतंय असं मात्र कबूल करू नका, ते खोटं आहे आणि उद्या तोंडघशी पडाल. गल्लीत अजून किती राहिलीत ते विचारायचं, मग तेच लोक बोट दाखवून सांगायला लागतात की ती काळी राहिलीय, तो पांढरा राहिलाय, आणि पुढच्या फेरीची यादी तिथंच तयार होते. कोण मारायची, विष घालायची भाषा करायला लागला तर मात्र शांतपणे सांगायचं की जनावराला मारणं, लुळं करणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आम्हाला फोन करायचा.

पिंजरा उघडला की कुत्रं मागं वळून बघत नाही, सुसाट पळतंय. नवीन व्हॉलंटिअरना वाईट वाटतंय, पाच दिवस खायला घातलं आणि साधी शेपूट पण हलवली नाही. पळालं म्हणजे जागा ओळखली, चिठ्ठी बरोबर होती. बावरून तिथंच उभं राहिलं तर चिठ्ठी परत वाचा.

येताना काय आणू?

जुने टॉवेल, चादरी, आणि रद्दी. रद्दी कितीही आणा, मराठी पेपर असो, कन्नड असो, इंग्लिश असो, खाली घालायला सगळे सारखेच, फक्त गुळगुळीत कागदाच्या पुरवण्या काढून आणा, त्या पाणी शोषत नाहीत. बंद चपला, फुल पँट. नखं कापून या, अंगठ्या-बांगड्या घरी. कुत्र्यांना बिस्किटं, मिठाई आणू नका, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासनं पोट रिकामं ठेवायला लागतंय आणि कुणीतरी प्रेमानं पिंजऱ्यात पार्ले टाकलं की त्या जनावराचा नंबर एक दिवस पुढं जातोय. कुंदा आणला तर तो ऑफिसच्या टेबलावर ठेवा, आमच्यासाठी. आणि एक बॉलपेन आणा, आमची सगळी कोणतरी खिशात घालून घरी नेतंय.